अर्धा सूर वर

बोट्याला हे नाव पडलं ते त्याच्या डाव्या हातामुळे. तरुणपणी गिटारच्या गळ्यावर त्याची बोटं अशी धावायची की बघणाऱ्याची नजर मागे पडायची. आता पासष्टी उलटली होती, नाव तेच राहिलं होतं, आणि त्याच डाव्या हातानं शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. बटणं बायको लावायची. "उद्या दात घासायलाही मलाच बोलाव," असं म्हणत लावायची, पण लावायची.

हाताच्या डॉक्टरनं विचारलं होतं, "आयुष्यभर केलंत काय या बोटांचं?" त्यावर बोट्या छाती फुगवून म्हणाला, "मास्तरांचा सोलो." डॉक्टरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं, की ते जे काही आहे ते आता बंद करा, नाहीतर शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळतील ती वळलेलीच राहतील. बोट्यानं शहाण्यासारखी मान डोलावली, मनगटात सुई टोचून घेतली आणि तिथून थेट रिहर्सलला गेला. अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

रिहर्सलची खोली एका बंद पडलेल्या गॅरेजच्या वर होती. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, खाली जुना गालिचा, आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी ऑइलचा वास. तिथे चार म्हातारे जमायचे. ड्रम वाजवणारा ढोल्या, जो नावाच्या अगदी उलट, काटकुळा होता आणि तोंडानंही ड्रमइतकाच वाजायचा. कीबोर्डवर प्रोफेसर, कॉलेजात संगीत शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे साधं 'चहा आण' म्हणतानाही प्रस्तावना करणारा. बेस गिटारवर मुका. तो मुका नव्हता, पण बोलायची वेळ आली की त्याच्या चेहऱ्यावर दात उपटून घ्यायला निघाल्यासारखे भाव यायचे. आणि गिटारवर बोट्या. चौघांनी आपापल्या बँडमधून आयुष्यभर नाव कमावलं होतं. उतारवयात ते एकत्र आले ते फक्त मास्तरांसाठी. पेपरवाल्यांनी त्यांना महाबँड म्हणून टाकलं, आणि चौघांनीही नको नको म्हणत ते मान्य केलं.

मास्तर म्हणजे जॅझ आणि रॉक एकाच भांड्यात शिजवणारा पहिला माणूस. निदान या चौघांसाठी तरी पहिलाच. त्यांची रेकॉर्ड एकच निघाली. तिच्या एका बाजूला सलग एकच रचना होती आणि तिच्या मध्यावर तो एकट्या गिटारचा सोलो. तो इतका वेगवान होता की ऐकणाऱ्या प्रत्येक पोरानं एकतर गिटार विकून टाकली किंवा झपाटून जाऊन तिला मिठी मारली. बोट्यानं मिठी मारली. रेकॉर्डमधला सूर नेहमीच्या गिटारपेक्षा अर्धा सूर वर होता. त्यावरून सगळ्यांनी ओळखलं, की मास्तर तारा अर्ध्या सुरानं चढवून, ताणून वाजवतात. तेव्हापासून वाजवणाऱ्यांत ती रीतच पडली. तारा ताणायच्या आणि त्या कडक तारांवर रेकॉर्डच्या वेगाला पोहोचेपर्यंत बोटं कुटायची. कुणाची कातडी फाटली, कुणाची शीर धरली. ज्याचं काहीच बिघडलं नाही त्याला बाकीचे कच्चा समजायचे.

या चौघांची ओळख झाली तो किस्सा ते प्रत्येक मुलाखतीत सांगायचे. मास्तरांचा शेवटचा कार्यक्रम होता. चौघंही पोरसवदा, चार दिशांनी आलेले, गॅलरीतल्या स्वस्त जागांवर बसलेले. आणि मास्तरांनी ती रचना वाजवली चक्क हळू. लोकांनी वेग वाढवायला टाळ्यांचा ठेका धरला, मास्तर काही ऐकेनात. शेवटी बोट्या गॅलरीतून ओरडला, "मास्तर, झोप लागली का?" सगळं सभागृह खदखदून हसलं. मग हे चौघं उठून बाहेर पडले, जिन्यात एकमेकांना भेटले, तिथेच मास्तर संपले असा निकाल लावला आणि जन्माचे दोस्त झाले. मुलाखत घेणाराही हसायचा. किस्सा चांगला होताच.

मास्तरांना मानवंदना द्यायचा कार्यक्रम जवळ आला. बाकी सगळं जमत होतं, सोलो जमत नव्हता. रेकॉर्डच्या लयीत एक-दोन-तीन-चार मोजून सुरुवात केली की मध्यावर, ज्या भागाला गिटारवाले 'गोळीबार' म्हणतात तिथे, करंगळी जागेवर पोहोचायचीच नाही. नुसती मोजणी जरा सावकाश करून बघावी असंही त्याच्या मनात यायचं. मोजायचा मान त्याचाच होता, आणि बँडचा कायदा होता, की ज्यानं मोजलं त्याची लय. त्यावर स्टेजवर वाद नाही. पण ढोल्याच्या कानाला केसाएवढा फरक कळायचा.

"पेन्शनची लय धरली का रे?" तो ओरडायचा.

बोट्या पुन्हा जलद मोजायचा आणि पुन्हा अडखळायचा.

अशाच एका दुपारी मास्तरांची बायको आली. चौघं तिला वहिनी म्हणायचे. वय झालेलं, पण पाठ ताठ, आणि जीभही तशीच ताठ. ती अजूनही घरी पियानोच्या शिकवण्या घ्यायची. मास्तरांची गिटार कार्यक्रमात वाजावी म्हणून प्रोफेसरनं गळ घातली होती, ती घेऊन ती स्वतः आली. गिटारच्या गळ्यामागचा रंग एका जागी पार उडाला होता. तिथे मास्तरांचा अंगठा असायचा. बोट्यानं ती आधी नुसतीच मांडीवर घेतली. मग तारा चढवायला लागला.

"हे काय करतोस?" वहिनी म्हणाली.

"चढवतोय, वहिनी. मास्तरांसारखी."

"ते कशाला चढवतील? तार तुटेल म्हणून जीव खालीवर व्हायचा त्यांचा. मी पियानोवर सूर द्यायची, त्याला लावायचे. सरळ."

प्रोफेसर खाकरला. "पण वहिनी, रेकॉर्डवर स्पष्ट अर्धा सूर..."

"रेकॉर्ड पळवली होती ना कंपनीनं," ती म्हणाली. "एका बाजूवर मावत नव्हती रचना. कापायला हे तयार होईनात, मग त्यांनी यांच्या नकळत टेपच जास्त वेगानं पळवली. टेप पळवली की सूर चढणारच." तिनं चौघांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? तुम्ही तर वाजवणारी माणसं."

 

कोपऱ्यात ढोल्याचा जुना प्लेयर होता, वेग कमीजास्त करता येणारा. प्रोफेसरनं रेकॉर्ड लावली आणि सरकपट्टी हळूहळू खाली ओढली. वहिनी बोट्याकडून गिटार घेऊन, तारा सरळ सुरात उतरवून मोकळी तार छेडत राहिली. एका जागी दोन्ही सूर एकमेकांत बसले. तिथे प्रोफेसरनं हात काढून घेतला. रचनेच्या सुरुवातीला मास्तर खोकतात, हे चौघांना तोंडपाठ होतं. तो पातळ, पोरासारखा खोकला त्यांनी हजारदा ऐकला होता. आता तिथे एक भरल्या छातीचा माणूस खोकला. मग त्यानं वाजवायला सुरुवात केली. छान वाजवत होता. वेगातच वाजवत होता, पण माणसाच्या वेगात.

बोट्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. जे कुणी कधी वाजवलंच नव्हतं, ते वाजवण्यात त्यानं हा हात घालवला होता. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात नुसता खिशात घातला.

"मास्तरांनी सांगितलं का नाही कुणाला?" ढोल्यानं विचारलं.

"काय सांगणार? लोक म्हणाले असते, जमत नाही म्हणून सबबी सांगतोय. आणि सगळे वाहवा करत होते, ते आवडतही होतं त्यांना. माणूसच होता तो." वहिनीनं गिटार खाली ठेवली. "मग तो वेग जमवायला बसले. बोटांना चिकटपट्ट्या लावून बसायचे. 'तो रेकॉर्डवाला माझ्यापेक्षा बरा वाजवतो,' असं हसत म्हणायचे. शेवटी नाद सोडला आणि म्हणाले, मी माझं वाजवतो. तेच त्या कार्यक्रमात वाजवलं. लोकांनी टाळ्या पिटून पिटून पळवायला बघितलं. वरून कुणीतरी म्हणालं, झोप लागली का. घरी आले, बूटसुद्धा न काढता बसले आणि मला विचारलं, खरंच हळू वाजवलं का गं मी? स्वतःला पक्कं ठाऊक असून मला विचारलं. त्यानंतर गिटार कपाटावर गेली. लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचं काम केलं त्यांनी, मरेपर्यंत."

बोट्या म्हणाला, "वहिनी, तो वरून ओरडणारा..."

"वाचली मी तुमची मुलाखत," ती म्हणाली. "माहीत आहे मला." आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "मला बघायचं होतं तुम्ही कसे वाजवता ते." एवढं बोलून पर्स उचलून ती जिना उतरून गेली. तिला रिक्षापर्यंत सोडायला जायचंही कुणाला सुचलं नाही.

मग भांडण झालं. बोट्याचं म्हणणं सरळ होतं, की सूर खाली आणायचा, लयही खाली आणायची, आणि मास्तर जसे वाजवायचे तसं वाजवायचं.

"वेडा आहेस," ढोल्या म्हणाला. "लोक रेकॉर्ड ऐकून येणार आहेत. हळू वाजवलंस तर कुणी म्हणणार नाही मास्तर असे वाजवायचे. म्हणतील, थेरडे थकले."

"मग आधी सांगू लोकांना."

"काय सांगणार?" प्रोफेसर म्हणाला. "की ज्या सोलोवर तीन पिढ्या वाढल्या तो मशीननं वाजवला होता? मानवंदना द्यायला बोलावायचं आणि पुतळाच पाडायचा? जे मास्तर स्वतः बोलले नाहीत ते आपण चव्हाट्यावर आणणं, हे मला नैतिकदृष्ट्या..."

"नैतिक कसलं डोंबलाचं," बोट्या म्हणाला. "घाबरलायस तू."

"हो, घाबरलोय. तू नाही? का तुझा हात चालत नाही म्हणून तुला एकदम सत्याचा पुळका आलाय?"

हे बोट्याच्या जिव्हारी लागलं, कारण त्यात तथ्य होतं. वहिनीचं बोलणं ऐकताना धक्क्याच्या मागोमाग त्याला जे वाटलं होतं ते सुटकेचंच होतं, की आता करंगळी वाचली. तो वरमला. शेवटी तोडगा निघाला, आणि तोडगे निघतात तसाच निघाला. सूर खाली घ्यायचा, तो कुणाला कळत नाही. लय रेकॉर्डचीच ठेवायची. वहिनीकडे जाऊन क्षमा मागायची, कार्यक्रमानंतर, निवांत.

निघताना जिन्यात मुका बोट्याच्या मागे आला. बराच वेळ तो चपलेचा पट्टा सरळ करत राहिला.

"तू मोज," तो म्हणाला. "मी येतो मागून." आणि खाली उतरून गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी बोट्यानं दुपारी डॉक्टरकडे जाऊन आणखी एक सुई घेतली. ढोंग करायचं तर पुरतं करावं. हात मोकळा झाला. स्टेजमागच्या खोलीत त्यानं गोळीबार रेकॉर्डच्या लयीत वाजवून बघितला, आणि करंगळी मुकाट्यानं जागेवर गेली. सैल तारांवर तर अगदीच सोपं गेलं. बायको शर्टाची बटणं लावत होती.

"जमतंय की," ती म्हणाली. "मग तोंड का असं?"

"जमतंय म्हणूनच," तो म्हणाला. तिला काही कळलं नाही, आणि कळवायला वेळ नव्हता.

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या पडद्यावर मास्तरांचा मोठा फोटो होता. पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी बोट्याची बायको. आधी चौघांनी आपापल्या बँडची जुनी गाणी वाजवली. लोक खूश होते. ढोल्यानं आपल्या सोलोत घाम गाळला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि तो लहान पोरासारखा हसला. मग दिवे उतरले, आणि सगळे ज्यासाठी आले होते ती वेळ आली.

बोट्यानं मास्तरांची गिटार गळ्यात घेतली. अंगठा गळ्यामागच्या त्या उडालेल्या रंगावर टेकला. जागा बरोबर जमली. वेगात वाजवायला हात तयार होता. आता सबब नव्हती, प्रोफेसरचा टोमणा लागू नव्हता. वेगात वाजवलं असतं तर लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला असता, आणि मास्तर आणखी एकदा खोटे ठरले असते, या वेळी त्यांच्याच गिटारवर, त्यांच्या बायकोसमोर. बोट्याला त्या क्षणी स्वतःची इतकी शिसारी आली, की तो मोजायचंच विसरला.

"मोज," ढोल्या मागून पुटपुटला.

"एक," बोट्या म्हणाला. "दोन. तीन. चार." मास्तरांच्या लयीत.

काठीचा पहिला ठोका पडण्याआधी ढोल्याच्या तोंडून शिवी निसटली. पण कायदा तो कायदा. पहिल्या फेरीत त्यानं लय पुढे रेटायचा प्रयत्न केला. मुका जागचा हलला नाही. त्याचा बेस जिथे पडायला हवा तिथेच पडत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि दुसऱ्या फेरीला ढोल्या दातओठ खात मागे आला. प्रोफेसरनं वर पाहिलंच नाही, पण त्याचे हात बरोबर आले.

सोलो सुरू झाला. बोट्यानं तो आयुष्यभर वाजवला होता आणि आज पहिल्यांदा ऐकत होता. मध्यावर गोळीबार आला. तो गोळीबार नव्हताच. तिथे कुणीतरी कुणाची तरी समजूत घालत होतं, एक वाक्य म्हणून थांबत होतं, पुन्हा म्हणत होतं. थांबायच्या त्या जागा पळवलेल्या रेकॉर्डवर गिळल्या गेल्या होत्या. इतकी वर्षं तो या समजुतीवरून धावत गेला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी गॅलरीतून, मग खाली. कौतुकाच्या नव्हेत, ठेक्याच्या, आणि ठेका रेकॉर्डचा. सगळं सभागृह मिळून या म्हाताऱ्यांना ओढून पुढे न्यायला निघालं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटलं, बिचारे मागे पडले, हात देऊ या. चौघं तसेच वाजवत राहिले. टाळ्यांचा ठेका आणि ड्रमचा ठेका एकमेकांवर आदळत राहिले. मग टाळ्या थकल्या, हशा झाला, कुणीतरी शिट्टी मारली. मागचं दार उघडलं आणि धाडकन बंद झालं. मग पुन्हा उघडलं. शेवटचा सूर वाजला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उरलेल्यांनी टाळ्या दिल्या, वयस्कर माणसांना देतात तशा, उभं राहून आणि जरा घाईनं.

ढोल्या स्टेजमागच्या खोलीत आला, काठ्या पिशवीत कोंबल्या आणि निघून गेला. प्रोफेसर भिंतीकडे तोंड करून फोनवर कुणाला तरी सांगत होता, की तब्येतीचं कारण होतं, बोट्याच्या तब्येतीचं. मुका वायर गुंडाळत बसला.

वहिनी गिटार न्यायला आली. बोट्या उठून उभा राहिला. क्षमा मागायचे शब्द त्यानं पाठ केले होते, पण तिनं हातानंच थांबवलं.

"डोळे मिटून बसले होते मी," ती म्हणाली. "घरातच बसलेय असं वाटलं. मग टाळ्या सुरू झाल्या." गिटारची पेटी बंद करायला तिला वेळ लागला, कडी जुनी होती. "असंच झालं होतं तेव्हाही. अगदी असंच." बोट्याच्या दंडावर तिनं क्षणभर हात ठेवला आणि गेली. तो हात क्षमेचा होता की नुसता निरोपाचा, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

तो स्टुलावर बसला. घामानं भिजलेला शर्ट बदलायचा होता, म्हणून बायको समोर येऊन बटणं काढायला लागली. त्याला सगळं ठाऊक होतं. रेकॉर्ड पळवलेली होती. त्यानं मोजलं ते अचूक होतं. मास्तर असेच वाजवायचे. आज आयुष्यात पहिल्यांदा आपण ते खरं वाजवलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. दुसरं बटण निघालं, तिसरं निघालं.

"काय गं," तो म्हणाला, "खरंच हळू झालं का?"

बायकोचा हात चौथ्या बटणावर थांबला. तिला वहिनीची गोष्ट माहीत नव्हती. ती विचार करून, खरं तेच बोलणारी बाई होती.

"जरा हळू झालं," ती म्हणाली. "पण तुझ्या वयाला छानच."